पेटीनं थोडं सरकून बसावं

घरी रेकॉर्ड केलेल्या मराठी गाण्यात गायकाच्या वाटेत सगळ्यात जास्त कोण येत असेल, तर पेटी. तबला नाही, टाळ नाहीत, खोलीतला घुमाराही नाही. हे मी पेटीवाल्यांसमोर मोठ्यानं बोलत नाही, कारण माझा निम्मा धंदा त्यांच्यावर चालतो.

मी मूळचा मंडपात साउंड लावणारा. आता मिरजेत घराच्या मागच्या अंगाला एक खोली आहे, भिंतींना जुन्या गाद्या टांगलेल्या, तिथं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करतो. शाळांची स्वागतगीतं येतात, निवडणूक लागली की प्रचाराची गाणी येतात, आणि आषाढीच्या आधी भजनी मंडळांची रीघ लागते. हल्ली आणखी एक गिऱ्हाईक वाढलंय: घरीच माइक आणि लॅपटॉप घेऊन गाणं करणारी पोरं. माझी भाचीही त्यांतलीच. ती स्वतः गाते, मैत्रिणींकडून पेटी-तबला वाजवून घेते, आणि फाईल घेऊन माझ्याकडे येते. "मामा, सगळं ऐकू येतंय, पण शब्दच कळत नाहीत."

तक्रार अगदी बरोबर आहे, आणि बहुतेक नवशिक्यांची हीच असते. भजनात किंवा भावगीतात पेटी गायकाच्या मागोमाग जाते. गळ्यातून गंधार आला की पेटीवर गंधार, पंचम आला की पंचम, तोही बहुतेकदा त्याच सप्तकात. म्हणजे दोन आवाज एकाच वेळी एकाच जागेवर. आपल्या कानाचा स्वभाव असा की जवळजवळच्या कंपनांचे दोन आवाज एकत्र आले, तर त्यातला जोरकस आवाज दुसऱ्याला झाकतो. पेटी भात्याच्या हवेवर सलग चालते. गळा मात्र व्यंजनावर तुटतो, श्वासाला थांबतो, ओळीच्या शेवटी उतरतो. झाकलं कोण जाणार हे ठरलेलंच.

यावर पोरं काय करतात? गाण्याचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ, वर ढकलतात. मग पेटी पातळ वाटते, तिला वर घेतात. मग तबला मागे पडल्यासारखा वाटतो. असं करत करत सगळे फेडर माथ्याला, मीटर लाल, आणि शब्द होते तिथंच. फेडर अख्ख्या पेटीला वर-खाली करतो, त्याला पेटीतलं काय नडतंय ते कळत नाही. ईक्यूला कळतं, म्हणजे आपण सांगितलं तर कळतं. एका आवाजाच्या पोटात खर्जाकडचा भाग असतो, मधला असतो, वरचा चमकदार असतो. त्यांपैकी हवा तेवढाच भाग कमी किंवा जास्त करायचं साधन म्हणजे ईक्यू. एसटीच्या बाकावर तिसरा माणूस आला की आधी बसलेले दोघे उठून जात नाहीत, थोडे सरकतात. पेटीकडून आपल्याला एवढंच हवं असतं.

आता आकड्यांशी थोडी ओळख करून घेऊ. आवाज म्हणजे हवेचं कंपन, आणि सेकंदाला किती कंपनं ते हर्ट्झमध्ये मोजतात. धडधाकट तरुण कानाला २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. वय वाढतं तसं वरचं टोक झिजत जातं. माझं झिजलेलं आहे, म्हणून अगदी वरच्या पट्ट्यात काही शंका आली तर मी भाचीला बोलावतो. आकडा दुप्पट झाला की सूर एक सप्तक वर जातो. भजनी बुवांची नेहमीची पट्टी काळी एक धरली, तर त्यांचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झला येतो, तार षड्ज २७७ ला, आणि खाली मंद्र पंचम १०४ ला. काळी चार पट्टीत गाणाऱ्या बाईंचा षड्ज २०८ च्या आसपास. सूर पट्टीत सांगण्याची सवय असलेल्या माणसानं एकदा बसून असे चार आकडे वहीत लिहून ठेवले, की ईक्यूचा पडदा परका वाटत नाही.

पण हे झाले मूळ सूर. आवाज कधीच एकट्या मूळ सुराचा नसतो, त्यावर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर उभे असतात. १३९ चा षड्ज लावला की २७७, ४१६, ५५४ असं वर कित्येक हजारांपर्यंत काही ना काही वाजत असतं, आणि त्या वरच्या मजल्यांवर कोण किती जोरात आहे त्यावरून आपण गळा की पेटी की बासरी हे ओळखतो. साध्या चामड्याच्या ढोलाचे उपस्वर असे सरळ पटीत येत नाहीत, म्हणून त्याचा ठाम सूर लागत नाही. तबल्याची आणि मृदंगाची शाई ते सरळ पटीत आणते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर १९२० साली 'नेचर'मध्ये हेच दाखवून दिलं होतं. ईक्यू लावताना हे आठवायचं कारण एवढंच की तबल्याची चाट आणि डग्ग्याची घुमक या पडद्यावर एकमेकींपासून फार लांब राहतात. एकीला हात लावला म्हणून दुसरी हलत नाही.

बटणांचं आता. जुन्या रेडिओवर, टेपवर बास आणि ट्रेबल अशी दोन बटणं असायची. ती ज्या मंडलावर चालायची त्याचा सर्वांत नावाजलेला आराखडा पीटर बॅक्सँडल या इंग्रज अभियंत्यानं १९५२ साली छापला. पुढे मंडपातल्या मिक्सरवर आणि अँप्लिफायरवर उभ्या पट्ट्यांचा ग्राफिक ईक्यू आला; प्रत्येक पट्टीची जागा ठरलेली, तुम्ही फक्त वर-खाली करायची. मंडपात मी जिथं गेलो तिथं या पट्ट्या आधीच्या माणसानं हसऱ्या तोंडासारख्या लावलेल्या असायच्या, दोन्ही टोकं वर आणि मध खाली. ऐकायला पहिली दोन मिनिटं झकास. पण गाण्याचे शब्द त्या खाली दाबलेल्या मधातच राहतात, त्यामुळे निवेदक बोलायला उभा राहिला की मागून ओरडा ठरलेला.

लॅपटॉपवर मिळतो तो पॅरामेट्रिक ईक्यू. ही कल्पना जॉर्ज मॅसनबर्ग यांनी १९७२ साली ध्वनिअभियंत्यांच्या अधिवेशनात निबंध वाचून मांडली. त्यात तीन गोष्टी तुमच्या हातात: कुठं, किती, आणि किती रुंद. कुठं म्हणजे हर्ट्झ, किती म्हणजे डेसिबल, रुंदीला क्यू म्हणतात. क्यूचा आकडा मोठा तेवढी जागा अरुंद. आकार मुख्यतः तीन. मधे टेकडी किंवा खड्डा करणारा, एका बाजूला सगळं सारखं उचलणारा किंवा दाबणारा, आणि एका आकड्याच्या खालचं सगळं उतरवत नेणारा. हा तिसरा, हाय पास, सुरुवातीला सगळ्यात कामाचा. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या रीईक्यूत हे सगळं आहे. महागडं काही विकत घ्यायची नवशिक्याला काडीची गरज नाही, जाहिरातीत कुणीही काहीही सांगो.

डेसिबलचा अंदाज कानालाच यावा लागतो. एका डेसिबलचा फरक जेमतेम कळतो, तीनचा सहज कळतो, आणि दहा वाढवले तर आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो. भाचीच्या पहिल्या फाईलमध्ये पेटीला तीन हजारावर बारा डेसिबल वाढवलेले होते. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, "व्हिडिओत तो माणूस असंच करत होता." त्या माणसापुढे गिटार होती, रॉकचा बँड होता. त्याचे आकडे त्याच्या गाण्याचे.

एक काम धरून पुढचं सांगतो, नाहीतर आकडे हवेत राहतील. आषाढीच्या आधी एक मंडळ आलं होतं. बुवा काळी एक पट्टीत, एक पेटी, पखवाज, टाळकरी, आणि मिरजेत असल्यामुळे खरा तंबोरा. सतारमेकर गल्लीतून उसना आणला होता. सगळे एकाच खोलीत, कारण भजनी माणसाला एकमेकांचं तोंड दिसल्याशिवाय वाजवता येत नाही, आणि मला ते पटतं. याचा अर्थ पेटीच्या माइकमध्ये पखवाज, बुवांच्या माइकमध्ये टाळ. म्हणून ईक्यू लावताना एक भान ठेवावं लागतं: पेटीच्या ट्रॅकवर केलेला बदल त्यात शिरलेल्या पखवाजालाही लागतो.

पहिलं काम फेडरचं. ईक्यू सगळा बंद ठेवून नुसत्या फेडरवर जमेल तेवढं जमवायचं. अर्धी तक्रार इथंच मिटते. पोरं हे टाळतात, कारण यात दाखवण्यासारखं काही नाही.

मग हाय पास. बुवांचा सगळ्यात खालचा सूर १०४ ला, म्हणजे ८० च्या खाली त्यांच्या गळ्यातलं काहीच नाही. तिथं आहे ती जमिनीची धडधड, पंख्याचा वारा, माइकच्या स्टँडला लागलेला पाय, आणि प, फ, भ म्हणताना माइकवर आदळलेली हवा. ८० ला हाय पास, सप्तकाला १२ डेसिबलचा उतार, विषय संपला. बाईंच्या आवाजाला हाच आकडा सव्वाशे-दीडशेपर्यंत नेता येतो, पण त्या मंद्रात किती खाली जातात ते आधी ऐकावं. आणखी एक: एका बाजूनं ऐकणारा माइक तोंडाला चिकटवला की खालचा भाग आपोआप फुगतो. मंडपात सर्रास दिसणारा एसएम५८ अशाच जातीचा. चार बोटं मागे सरकलं तरी ईक्यूचं निम्मं काम वाचतं, पण बुवांना माइक ओठाला लागल्याशिवाय आपण गातोय असं वाटत नाही.

तंबोऱ्याची गंमत वेगळी. काळी एकच्या तंबोऱ्यात खर्जाची तार ६९ हर्ट्झला लागते. नव्या माणसाला वाटतं, खर्ज हवा तर ६९ जपला पाहिजे. पण तंबोऱ्याचा खरा नाद जवारीत आहे. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जी जवारी लावतात, तिच्यामुळे उपस्वरांची रांग उठते, आणि कानाला वरचे उपस्वर मिळाले की तळातला मूळ सूर नसला तरी मेंदू तो स्वतः भरून घेतो. म्हणून मी तंबोऱ्याचा तळ बेधडक दीडशेपर्यंत उतरवला. खर्ज गेला असं कुणालाही वाटलं नाही, आणि पखवाजाच्या धूमला तळाची सगळी जागा मोकळी मिळाली.

आता पेटी. तिच्या दोन जागा बघायच्या. एक २०० ते ४०० हर्ट्झ. खर्ज आणि नर अशा दोन्ही पत्त्या उघडून वाजवली की पेटी या पट्ट्यात इतकी दाट होते की गाण्यावर गोधडी टाकल्यासारखं होतं. यातच बुवांच्या गळ्याचा भरदारपणा, यातच पखवाजाचं अंग, यातच माझ्या खोलीचा घुमारा. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये जो गढूळपणा म्हणतात तो बहुतेक इथला. दुसरी जागा २,००० ते ४,००० हर्ट्झ. शब्द इथं कळतात. कानाच्या नळीचा स्वतःचा घुमही ३,००० च्या जवळपास येतो, म्हणून निसर्गतःच आपण इथं सर्वांत तिखट ऐकतो. पेटीच्या पत्त्याही नेमक्या इथंच चरचरतात.

जागा नक्की कुठली हे शोधायची एक जुनी युक्ती आहे. टेकडी अरुंद करायची, आठ-दहा डेसिबल वर घ्यायची, आणि हळूहळू खालून वर सरकवत न्यायची. जिथं कान नको म्हणेल तिथं थांबून टेकडीचा खड्डा करायचा. युक्ती चालते, पण धोका असा की दहा डेसिबल वाढवल्यावर कुठलीही जागा वाईटच लागते. त्यामुळे पोरं फिरवत फिरवत सात ठिकाणी सात खड्डे पाडतात आणि पेटीची चिपळी होते. मी आधी कानानं ठरवतो की काय नडतंय, घुमणं की चरचर, आणि मगच शोधायला निघतो. त्या दिवशी पेटीला ३०० वर रुंद खड्डा, तीन डेसिबल. २,८०० वर आणखी रुंद, अडीच डेसिबल. बस. बुवांच्या आवाजाला हातही लावला नाही, तरी ते दोन पावलं पुढे आले.

नवशिक्याला पटायला हेच सगळ्यात अवघड जातं. गायक मागे वाटला की हात गायकाच्या ट्रॅककडे जातो. जायला हवा तो पेटीकडे.

आणि हे ठरवायचं सगळे ट्रॅक चालू ठेवून. एकेक ट्रॅक सोलो करून सुंदर करत बसू नये. त्या अडीच डेसिबलांनंतरची पेटी एकटी ऐकली तर बावळट वाटते, मान्य. पेटीवाले काका माझ्या मागेच बसले होते. त्यांनी नेमकी ती एकटी ऐकली, आणि म्हणाले, "अहो, हिचा जीव काढला तुम्ही!" मी काही बोललो नाही. अभंगात दोन चरणांच्या मधे पेटीचे तुकडे आहेत, बुवा तिथं गप्प असतात. तेवढ्या तुकड्यांपुरते दोन्ही खड्डे बंद होतील असं ऑटोमेशन लिहिलं. काकांनी पुन्हा ऐकलं, तुकडे आल्यावर मान हलवली. चरण चालू असताना पेटी कुठं आहे याची चौकशी कुणी केली नाही.

टाळांचं काम निराळं. पितळेचा आवाज चार-पाच हजारांपासून वर सगळीकडे पसरतो, आणि आपले स, श, च, छ हे नेमके तिथंच राहतात. 'च' म्हणजे आपल्याकडे दोन. चहातला निराळा, चक्रातला निराळा. हा फरक टाळांच्या किणकिणाटात विरून जातो. टाळकऱ्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवणं हा खरा इलाज, आणि तो ईक्यूच्या आधीचा. तरी बुवांच्या माइकमध्ये जे शिरलं होतं त्याचं काही करता येत नव्हतं, म्हणून टाळांच्या स्वतःच्या ट्रॅकवर ७,००० च्या वरचा भाग दोन डेसिबल उतरवला. बुवांचा 'स' जिथं शीळ घालत होता तिथं ईक्यू नाही, डीएसर लावला, कारण तो फक्त 'स' आला तेवढ्या क्षणापुरताच दाबतो. पखवाजावर काहीच केलं नाही. कणीक नीट लावलेला पखवाज चांगल्या हातात असला तर त्याला काही लागत नाही.

इथं एक विषयांतर करतो. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, दरवर्षी तिथं गवई येऊन हजेरी लावतात. १९३७ साली ते गेले. त्यांच्या ७८च्या तबकड्या आज ऐका: तळ नाही, चमक नाही, वर खरखर. आवाज मधल्या अरुंद पट्ट्यात कोंबलेला. तरी गळा थेट समोर बसलाय असं वाटतं. त्याहून आधीच्या काळात, १९२५ च्या सुमारास विजेचं रेकॉर्डिंग येण्यापूर्वी, गायक एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे, आणि मिक्सिंग म्हणजे कुणाला कर्ण्याच्या किती जवळ उभं करायचं एवढंच. जुना टेलिफोनही ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच भाग पाठवायचा, आणि त्यावर माणसांनी भांडणं केली, लग्नं ठरवली. तळ आणि चमक यांच्या मागे लागलेल्या पोरांना मी म्हणतो, आधी या मधल्या पट्ट्यात गाणं उभं करा. तिथं उभं राहिलं नाही तर सबवूफर आणून काही होत नाही.

आता ज्यावर ऐकायचं तो कान आणि ती खोली. दोघंही फसवतात. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवलं की आवाज हळू असताना कानाला तळ आणि वरचं टोक कमी ऐकू येतं, मोठा केला की दोन्ही भरून येतात. रात्री घरचे झोपल्यावर हळू आवाजात मिक्स करणारा मुलगा म्हणूनच तळ वाढवून ठेवतो, आणि सकाळी मोठ्यानं लावल्यावर भिंती हलतात. रोज एकाच ठरलेल्या आवाजात काम करावं, शेजारचा माणूस न ओरडता आपल्याशी बोलू शकेल इतपत. याच स्वभावातून दुसरी फसगत होते: दोन आवाजांत जो जरा मोठा तो चांगला वाटतो. तुम्ही काहीही वाढवलं की 'वा' वाटणारच. म्हणून ईक्यू लावल्यावर ट्रॅकची पातळी आधीएवढी करून घ्यायची, आणि मग ईक्यू बंद-चालू करत ऐकायचं. डोळे मिटून, हेही महत्त्वाचं, कारण पडद्यावर नाचणारा आलेख कानाच्या आधी मत देऊन टाकतो.

खोलीबद्दल थोडक्यात. दहा फुटी खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा आवाज अडकून फुगतो. तुम्ही मधोमध बसलात तर तोच आवाज गायब होतो. त्यामुळे तुम्ही बसलाय तिथला तळ खरा नाही. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावून याचं काही होत नाही. कापसाच्या जाड गाद्या कोपऱ्यात, भिंतीपासून थोड्या लांब उभ्या केल्या तर मधल्या भागाचा घुमारा बऱ्यापैकी आवरतो, तळ मात्र हट्टी असतो. दुसऱ्याचं नीट केलेलं एखादं गाणं, आपल्याच जातीचं, त्याच खोलीत त्याच स्पीकरवर आळीपाळीनं ऐकत राहिलं तर खोली किती खोटं बोलते ते कळायला लागतं. बुवांच्या कामाला मी आकाशवाणीवर झालेलं एक जुनं अभंगाचं ध्वनिमुद्रण शेजारी ठेवतो.

काही रोगांवर ईक्यू चालत नाही, तेही सांगून ठेवतो. माइक फाटून रेकॉर्ड झालेला आवाज, बाथरूमसारख्या खोलीत गायलेलं गाणं, न जुळलेला तबला. तबला तर वाजवण्याआधी हातोडीनं मिळवावा, नंतर लॅपटॉपवर नाही. विजेची गुणगुण असेल तर ती आपल्याकडे ५० हर्ट्झला आणि तिच्या पटीत १००, १५० ला असते. तिथं अगदी अरुंद, खोल खड्डे पाडून ती कमी करता येते. पण १०० ला बुवांचा मंद्र पंचम जवळच आहे. त्यापेक्षा वायरमनला बोलावून अर्थिंग बघून घेतलेलं बरं.

मंडळाच्या अभंगाचं मिक्स झालं, आणि मग ते कुठं वाजणार हा प्रश्न आला. निम्मे लोक मोबाईलवर ऐकणार, ज्याच्या स्पीकरमधून दोनशे-तीनशेच्या खाली फारच क्षीण येतं. त्यात पखवाजाची धूम नुसत्या तळावर सोडली तर पखवाज नाहीसा होतो. म्हणून पखवाजाला हात लावणार नाही म्हटलं होतं तरी शेवटी २०० च्या आसपास, मूळ धूमच्या उपस्वरावर, दीड डेसिबल दिलाच. मोबाईलवर धूम परत आली. पण बुवांनी मग सांगितलं की दिंडीच्या टेम्पोवर कर्णा लावणार आहेत. कर्णा ३०० च्या खाली जवळजवळ काहीच देत नाही, आणि तीन हजारावर इतका तिखट असतो की बुवांचा आवाज वाटसरूंच्या कानात टोचेल. त्यासाठी वेगळी फाईल काढली: अख्ख्या मिक्सवर १५० ला हाय पास, कारण खालचं कर्ण्याला नुसतं ओझं, आणि ३,००० वर तीन डेसिबलचा रुंद खड्डा.

दोन्ही फाईलना नावं दिली, 'मोबाईल' आणि 'कर्णा'. बुवांनी पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि विचारलं, "ग्रुपवर कुठली टाकू?" मी म्हटलं मोबाईलवाली. दुसऱ्या दिवशी बघतो तर पेटीवाल्या काकांनी तिसरीच टाकलेली, त्यांच्या फोनवर त्यांनी खोलीत बसून रेकॉर्ड केलेली, पेटी सगळ्यांच्या पुढे.